आर्विडची घंटी

माझ्या मुलीनं, टेरिननं, लग्नासाठी पियानो सुरात लावून देणारा मुलगा शोधला याचं मला काही वाटलं नाही. आमच्या हॅलोक नदीच्या बाजूला पियानो फार नाहीत, आणि जे आहेत त्यांच्यावर लोक कुंड्या ठेवतात. पण ती दोघं राहतात सिअ‍ॅटलला, तिथे म्हणे या कामाला मरण नाही. मुलगा सरळ. नाव एमेट, मूळचा अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला. जेवल्यावर आपली ताटली आपण विसळतो. अडचण एकच होती. त्यानं जन्मात कधी मासा धरला नव्हता, आणि मासा न धरलेल्या माणसाकडे माझा नवरा बघतच नाही, त्याच्या आरपार पलीकडची भिंत बघतो.

नाताळच्या जेवणाला आर्विड त्याच्याशी दोनदा बोलला. एकदा म्हणाला, "मीठ दे," आणि नंतर म्हणाला, "ते नव्हे, मीठ." बाकी वेळ तो कुत्र्याशी गप्पा मारत होता.

रात्री भांडी पुसताना एमेट माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "मार्वा, मे महिन्यात लग्न आहे. वडील नुसते येऊन उभे राहिले तर टेरिनला चालणार नाही, ते मनापासून यायला हवेत. पण त्यांच्या लेखी मी कुणीच नाही. काय करू म्हणजे ते मला घरातला समजतील?"

"स्टीलहेड धर," मी म्हटलं. "त्याच्या शेजारी बसून. काठावरून. होडीतून धरलेल्या माशाला आर्विड मासा म्हणत नाही."

"अवघड असतं?"

दारातून हे ऐकणाऱ्या टेरिनला इतकं हसू आलं की तिला खुर्चीत बसावं लागलं.

स्टीलहेड म्हणजे ट्राउटच, पण नदीत जन्मून समुद्रात जातो, तिथे खाऊनपिऊन दांडगा होतो आणि हिवाळ्यात अंडी घालायला परत वर चढतो. समुद्र बघून आलेला असल्यामुळे त्याला कशाचं फारसं कौतुक नसतं, आपल्या आमिषाचं तर नाहीच. पाण्यात उभं राहून दिवसभर गळ फेकत बसायचं काम शहरातून येणारे लोक करतात. आम्ही दगडगोट्यांच्या काठावर लोखंडी नळी ठोकतो, गळाला वाळूतली कोळंबी लावून एकदा टाकतो, रॉड नळीत उभा करतो, त्याच्या टोकाला घंटी अडकवतो आणि रांगेनं खुर्च्या मांडून एकमेकांची उणीदुणी काढत बसतो. मासा लागला की घंटी वाजते. एवढी साधी गोष्ट आहे, आणि तिच्यापायी माणसं संसार सोडून पावसात बसतात.

काठाचे कायदे मात्र कडक आहेत. कुणालाही मासा लागला की "गुंडाळा" अशी आरोळी होते आणि बाकीच्यांनी आपापले गळ ओढून घ्यायचे, नाहीतर मासा सगळ्यांच्या गळांचा नायलॉनचा तंगूस एकत्र विणून ठेवतो. दुसऱ्याच्या रॉडला हात लावायचा नाही. मालक झुडपामागे गेला असला आणि त्याचा रॉड नदीत चालला असला तरी फक्त ओरडायचं. शिकाऊ माणसानं शिकवणाऱ्याच्या शेजारी बसायचं. आणि ज्याला आपली घंटी ऐकू येत नाही त्यानं काठाच्या खालच्या टोकाला जायचं, कारण त्याचा मासा गळासकट मोकाट पळून सगळ्यांच्या गळांत शिरतो. खालच्या टोकाला पुरात वाहून आलेली झाडं पाण्यात रुतलेली आहेत. तिथे गळ टाकला की लाकूड मिळतं.

हा शेवटचा कायदा आर्विडनंच केलेला. काठावरचा सगळ्यात जुना माणूस तो, वरच्या टोकाची पहिली जागा त्याची. मागे घंटी ऐकू न आल्यामुळे टॉइवो नावाच्या त्याच्या जुन्या दोस्ताचा मासा दोनदा सुटला, तेव्हा आर्विडनं सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, "टॉइवो, खाली जा बाबा." टॉइवो मुकाट्यानं खुर्ची उचलून खाली गेला. पुढच्या हिवाळ्यात तो आलाच नाही. आता घरी बसून टीव्हीवर दुसऱ्यांनी धरलेले मासे बघतो.

आणि आता मी एक सांगते, जे तेव्हा काठावर कुणालाच माहीत नव्हतं. आर्विडला स्वतःलाच घंटी ऐकू येत नव्हती. त्याचा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला, करवतीनं त्याचे कान खाल्ले. जाड आवाज कळतात. पुरुषांचं बोलणं, ट्रकचा भोंगा, कुत्रा. बारीक आवाज कळत नाहीत. म्हणजे चिमण्या, घंटी, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते मोज्यांच्या खणात मोजे ऐकत पडलेलं असतं. "ते घालून काठावर गेलो की संपलंच," तो म्हणायचा. मी घसा फोडफोडून थकले. शेवटी मी त्याच्या शेजारी बसून त्याची घंटी वाजली की कोपर मारायला लागले. काठावर वाटायचं, नवरा-बायकोचं अजूनही किती जमतं.

मग हा एमेट शिकायला आला आणि कायद्याप्रमाणे मधल्या खुर्चीत बसला. मी एक खुर्ची खाली सरकले. माझं कोपर काही एवढं लांब नाही. आता कसं होणार, ही धास्ती घेऊनच मी तो हिवाळा सुरू केला.

एमेटनं पहिल्याच दिवशी गळ असा भिरकावला की तो नदीच्या मध्याच्याही पलीकडे जाऊन पडला. स्वतःवर खूश होऊन त्यानं आमच्याकडे बघितलं.

"काय रे पियानो," रेनो म्हणाला, "पलीकडच्या काठाला तुझी सासुरवाडी आहे का?" रेनो म्हणजे लाकडाचे ट्रक चालवून निवृत्त झालेला, आमच्या काठाचा भोंगा. त्यानं एकदा नाव ठेवलं की ते थडग्यावर कोरायचंच बाकी राहतं. त्या दिवसापासून एमेटचा पियानो झाला.

"गुंडाळ ते," आर्विड म्हणाला. "नदी चढलीय, पाणी गढूळ आहे. एवढ्या ओढीत मासा मधून कशाला मरायला जाईल? काठाकाठानं येतो तो. जवळ टाक."

"किती जवळ?"

"तुझ्या बुटाला लागणार नाही इतकं जवळ."

"एवढं जवळ? मग तो मला दिसेल की."

"तू त्याला दिसू नकोस म्हणजे झालं."

दुसरी खोड म्हणजे उतावीळपणा. वाऱ्यानं घंटी हलली की हा उठून रॉड उपसायचा. गळाला पान अडकलं तरी उपसायचा. एकदा तर शिंकून उपसला. "ती दारावरची घंटी नाही, पाव्हणे आले म्हणून धावायला," आर्विड खेकसला. "मासा आधी टोचून बघतो, मग घेतो. रॉड पाण्याकडे वाकून टेकायला आला की मग उचल. तोवर हात खिशात." तेव्हापासून एमेट हातांवर बसायला लागला. खरोखर, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. दुपारपर्यंत त्याची बोटं निळी पडत, मग मी त्याला थर्मासमधली कॉफी पाजत असे.

कान मात्र त्याचे तिखट होते. घंटीकडे न बघता सांगायचा, ही मार्वाची, ही रेनोची. "रेनो, तुमची घंटी जरा उतरलीय," तो एकदा अगदी काळजीनं म्हणाला.

"उतरू दे. मासे काय तिकीट काढून ऐकायला येतात?"

एमेटची तिसरी खोड आम्हाला हळूहळू कळली. हा मुलगा पायांनी धांदरट होता. बसल्या बसल्या त्याचा पाय आर्विडच्या बुटावर आपटायचा. आर्विड दचकून उठायचा, बघायचा तर त्याचाच रॉड वाकलेला. "तुझ्या पायगुणानं माझ्या नवऱ्याला मासे लागतायत," मी म्हटलं, "पण म्हाताऱ्याची नडगी तेवढी शाबूत ठेव." बिचारा कानापर्यंत लाल झाला. "माफ करा, मार्वा. पाय जरा लांब आहेत."

मला अक्कल यायला फेब्रुवारी उजाडला. पाऊस पडत होता, मी टोपी सारखी करत होते, आणि आर्विडची घंटी वाजली. बारीक किणकिण. आर्विड पाठमोरा बसून रेनोला गव्हर्नरविषयी काहीतरी सांगत होता. मी उठणार तोच एमेटचा पाय गेला. वेळ साधून, नेमका, बुटाच्या टाचेवर. आणि लगेच त्यानं आकाशाकडे बघायला सुरुवात केली.

संध्याकाळी मी त्याला आमच्या पिकअपच्या मागे गाठला. "कधी कळलं तुला?"

तो आधी काय, कसलं, असं करत राहिला. मी तशीच उभी राहिले. मग म्हणाला, "पहिल्याच दिवशी. त्यांची घंटी इथली सगळ्यात वरच्या सुराची आहे. ती वाजली आणि त्यांची मानसुद्धा हलली नाही."

"त्याला बोललास?"

"त्यांनी मला सांगितलं नाही. मग मी कशाला काढू?"

"आणि तो? त्याला काही कळलं नाही?"

"एकदा म्हणाले, जरा हळू मार. एवढंच."

मला हसावं की त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत ते कळेना. "अरे वेड्या, मग तुला मासा हवाय कशाला? हेच त्याला तोंडावर सांग. तुझ्या लाथेवर त्याची जागा टिकून आहे. मे महिन्यात तो स्वतः तुझ्या बुटांना पॉलिश करेल."

"नको," एमेट म्हणाला. "तसं नको. मग ते मला घाबरून चांगले वागतील. मला मासाच धरायचाय."

मला तो त्या दिवशी फार आवडला. टेरिनला फोन करून सांगावंसं वाटलं, पण तिला सांगितलं असतं तर आर्विडचं गुपित सिअ‍ॅटलभर झालं असतं. मी गप्प बसले. माझ्यासारखीला ते किती जड जातं ते रेनोला विचारा.

त्या हिवाळ्यात आर्विडला मासे लागले, मला लागले, रेनोला तर त्या उतरलेल्या घंटीवर लागले. एमेटला फांदी लागली, दुसरी फांदी लागली, आणि कुणाचा तरी डावा बूट लागला. रेनो म्हणाला, "उजवा लागेपर्यंत थांब, जोडी होईल." एमेट हसायचा, पण शुक्रवारी रात्री आमच्याकडे मुक्कामाला यायचा तेव्हा दर वेळी थोडा कमी हसायचा. आर्विड आता त्याला शिव्या देत असे, ही प्रगतीच होती. पण घरी जेवणाच्या टेबलावर पुन्हा तेच, मीठ दे. टेरिननं एकदा विचारलं, "डॅडी, एमेट कसा वाटतो?" तर म्हणाला, "गाठी बऱ्या मारतो."

शेवटचा शनिवार आला. त्यानंतर आमची नदी पुढच्या हिवाळ्यापर्यंत बंद. आदल्या आठवड्यातला पूर ओसरत होता, पाणी गढूळ हिरवं झालेलं. माशांना हवं असतं तसंच. एमेट उजाडायच्या आत काठावर हजर होता आणि कुणाच्या थट्टेला उत्तर देत नव्हता.

दुपार उलटली. कुणालाच काही नाही. रेनो शेकोटी विझवायच्या गोष्टी करू लागला. आणि एमेटची घंटी वाजली.

तो हातांवरच बसला होता. हलला नाही. घंटी थांबली. पुन्हा वाजली. आर्विड त्याच्या रॉडचं टोक बघत होता, घंटी नव्हे. "थांब," तो म्हणाला. "थांब. अजून थांब." रॉड वाकला, आणखी वाकला, त्याचं टोक पाण्याला शिवायला गेलं. "आता!"

एमेटनं रॉड उचलला आणि नदीतून एक भलंमोठं चांदीसारखं काहीतरी उसळून वर आलं. मी इतकी वर्षं बघतेय, तरी मला ओरडायला होतं. मी ओरडले. "गुंडाळा!" रेनोनं आरोळी दिली, आणि आम्ही सगळे आपापले गळ ओढायला धावलो.

सगळे म्हणजे आर्विड सोडून सगळे. तो आपला रॉड विसरला. आर्विड! ज्यानं कायदे केले तो! तो एमेटच्या खांद्याला चिकटून उभा होता आणि त्याच्या कानात ओरडत होता, "टोक वर ठेव! पळू दे त्याला! भांडू नकोस, पळू दे! शाब्बास! आता घे, आता घे!" मी माझं रीळ फिरवत बघत होते. त्याचा चेहरा तरुणपणी टेरिन झाली तेव्हा झाला होता तसा झाला होता. मला वाटलं, झालं, मिळालं पोराला.

तेवढ्यात आर्विडची घंटी वाजली.

मी ऐकली. मी दोन खुर्च्या दूर, हातात अर्धा गुंडाळलेला तंगूस. एमेटनंही ऐकली, मला त्याच्या मानेवरून कळलं. आर्विडचा रॉड त्याच्या पाठीमागे वाकत चालला होता, आणखी क्षणभरात तो रेनोला दिसला असता, सगळ्या काठाला दिसला असता.

एमेटनं लाथ मारली. आर्विडला वाटलं, हा गडबडला. "पायाकडे लक्ष दे!" तो ओरडला. एमेटनं पुन्हा मारली, जोरात. आर्विड हलेना. मग त्या मुलानं रिळावरचा हात सोडला, आर्विडची बाही धरली आणि त्याला गर्रकन मागे वळवला.

तेवढ्यात एमेटचा तंगूस सैल पडला. माशानं पाण्याबाहेर डोकं काढलं, एकदा झटकलं, आणि रॉड सरळ झाला.

आर्विडनं आपल्या रॉडवर झडप घातली. मासा त्याला छान खेळवत होता, पण त्याच्या तोंडावर काही आनंद दिसेना. गुडघाभर पाण्यात उतरून त्यानं मासा जवळ आणला, पाठीवरचा मागचा बारका पर बघितला. पर शाबूत होता. पर कापलेले ते हॅचरीच्या हौदात वाढवून नदीत सोडलेले, ते घरी न्यायचे. शाबूत असलेले नदीचे, ते सोडायचे. आर्विडनं गळ काढला आणि मासा सोडून दिला. आर्विडला परत काठावर यायला बराच वेळ लागला.

तोवर रेनोचा भोंगा सुरू झाला होता. "अरे पियानो, सबंध हिवाळा थांबलास आणि मासा गळाला असताना नाचायला लागलास? सासऱ्याला धरून? त्याला लग्नातच नाचव की!" काठावर हशा पिकला. एमेट तंगूसाचं मोकळं टोक हातात धरून उभा होता.

"पाय घसरला," तो म्हणाला.

"पाय नेहमीच घसरतो तुझा!"

"हो. लांब आहेत."

"घसरला नाही," आर्विड म्हणाला.

तो पाण्यातून वर आला होता. बुटांतून पाणी निथळत होतं. "त्यानं मला लाथ मारली. माझी घंटी वाजत होती म्हणून. मला ती ऐकू येत नाही."



"आज वाऱ्यानं..." रेनो चाचरला.

"आज नव्हे. हा पोरगा सबंध हिवाळा मला लाथा मारतोय. त्याच्याआधी मार्वा कोपर मारायची."

"कधीपासून?"

आर्विडनं माझ्याकडे बघितलं. मी इतकी वर्षं त्याच्या मागे लागले होते, रडले होते, मोज्यांचा खण आपटला होता, आणि हा माणूस ते आज भर काठावर सांगत होता, माझ्यासाठी नव्हे, तर एका पियानोवाल्याला कुणी धांदरट म्हणू नये म्हणून. मला रडू आलं आणि त्याला बुटानं बडवावंसंही वाटलं, दोन्ही एकदम.

"टॉइवोला खाली पाठवलं, त्याच्याआधीपासून," आर्विड म्हणाला.

मग त्यानं आपली नळी गोट्यांतून उपटली, रॉड काखेत मारला आणि खुर्चीची घडी केली. रेनो पुढे आला. "अरे, राहू दे आर्विड. शेवटचा दिवस. कोण बघतंय?"

"कायदा माझा आहे."

"तिथे खाली लाकडाशिवाय काही नाही. पुढच्या हिवाळ्यात एकटा काय करशील? तिथे शेजारी बसणार कोण?"

"माझा जावई बसेल," आर्विड म्हणाला, आणि एमेटकडे वळून ओरडला, "बघतोस काय? उचल खुर्ची!"

एमेटनं खुर्ची उचलली ती उलटी, तिच्यातली कॉफी, टोपी, सगळं गोट्यांत सांडलं. रेनोला तेवढं पुरे होतं, त्याला पुन्हा कंठ फुटला. "जावई? अरे, लग्न तर मे महिन्यात आहे ना?"

"काय?" आर्विड कानामागे हात धरून म्हणाला. "काही ऐकू येत नाही बघ," आणि नळी ओढत गोट्यांतून खाली निघाला.